मेनूकार्डातील भाकर

साहित्य शिकविणाऱ्या माणसाने हॉटेलच्या मेनूकार्डाची समीक्षा करावी काय, असे कोणी विचारील. मला त्यात वावगे काही दिसत नाही. मेनूकार्ड हाही मजकूरच आहे. त्याला लेखक आहे, वाचक आहे, शैली आहे. आणि जिथे शैली आली तिथे वर्ग येतो. आपल्या देशात जात येते. असा एक मजकूर गेल्या हिवाळ्यात माझ्या हाती आला आणि तो मी अजून वाचतोच आहे.

निमित्त माझ्या पीएच.डी.चे. महाविद्यालयातल्या एका सहकारी मित्राने आग्रह धरला की आता सहकुटुंब बाहेर जेवायला जायचे. तो, त्याची पत्नी, मी, माझी बायको, आठ वर्षांची मुलगी आणि माझी आई असे आम्ही सहा जण. आम्ही राहतो एकलहऱ्याला. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या अंगणातून दिसतात. वडील तिथे ठेकेदाराकडे राखेच्या कामावर होते. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हॉटेल होते गंगापूर रोडला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यासारखे नाही. आईने ठेवणीतले लुगडे काढले होते, त्यावरून ते मोजता येईल.

हॉटेल 'फ्युजन' जेवणाचे. म्हणजे एका देशाचा पदार्थ दुसऱ्या देशाच्या पदार्थात मिसळून तिसरेच काही वाढायचे. मेनूकार्डावर 'झुणका टॅको' होता, 'पिठलं फॉन्ड्यू' होते, 'स्मोक्ड ठेचा बटर' आणि त्यासोबत तळहाताएवढी बाजरीची भाकर होती. शेवटी 'पुरणपोळी चीजकेक'. प्रत्येक पदार्थाखाली इंग्रजीत दोन-तीन ओळी होत्या. त्यांत 'रस्टिक' हा शब्द चार वेळा आणि 'ग्रँडमदर' हा शब्द तीन वेळा आला होता. मी शिक्षक आहे, मला मोजायची सवय आहे.

झुणका टॅको आला. बाजरीच्या पिठाची कडक तळलेली घडी, आत झुणका, वर व्हिनेगरमधला कांदा आणि किसलेले चीज. आईने तो बशीत फिरवून पाहिला आणि म्हणाली, "हे तर आपलंच हाय. पन दुमडून कशापायी ठिवलंय?" मुलीने मात्र दोन संपविले. मलाही आवडला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण न आवडलेल्या जेवणावर टीका करणे फार सोपे असते.

माझा मित्र सज्जन आहे. त्याच्या बोलण्यात डंख नसतो. तो आनंदाने म्हणाला, "बघा सर, तुमच्या संस्कृतीला आता प्रतिष्ठा मिळते आहे." त्या एका वाक्यावर मी विचार करीत राहिलो. प्रतिष्ठा नेमकी कोणाला मिळाली? भाकरीला, की भाकर खाणाऱ्याला?

सरमिसळीला माझा विरोध नाही. तो असणे हास्यास्पद ठरेल. ज्या ठेच्याला मेनूकार्ड गावाकडचा म्हणते त्यातली मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा हे सगळे तिकडचेच. पाव पोर्तुगीजांनी गोव्यात आणला. नाशिक ज्या मिसळीचा एवढा अभिमान बाळगते ती पावाशिवाय होत नाही. मंच्युरियन तर आता आमच्या नाशिकरोडच्या हातगाडीवरही मिळते. त्याची जन्मकथा अशी सांगितली जाते की, नेल्सन वाँग या कोलकात्याहून आलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्याने ते 1975 च्या सुमारास मुंबईत प्रथम केले. तेव्हा 'शुद्ध' अन्नाचा आग्रह धरणारे आपण नव्हे. शुद्धतेने आपले किती भले केले हे आपल्याला ठाऊक आहे.

आमच्या घरातही फ्युजन पूर्वीच येऊन गेले होते. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून मिलो नावाची लाल ज्वारी आली. आई तेव्हा दहा वर्षांची होती. तिची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. कामावर सुकडी मिळे, आणि घरी त्या मिलोच्या भाकरी. अमेरिकेचे धान्य, महाराष्ट्राची चूल. आई सांगते, ती भाकर थापताना फाटायची आणि खाताना घशात अडायची. तिला कोणी फ्युजन म्हटले नाही. तिच्याखाली दोन ओळी कोणी लिहिल्या नाहीत.

मुद्दा आहे तो या दोन ओळींचाच. पदार्थांची मिसळ होताना पदार्थामागचा माणूस कुठे जातो, हा माझा प्रश्न आहे. दलित आत्मकथनांत भाकर कधीही एकटी येत नाही. तिच्यासोबत तिचे दार येते. कोणाच्या दारातली, कोणत्या वेळची, देताना हात किती वर धरला होता, हे सगळे त्या भाकरीला चिकटलेले असते. दया पवारांनी 1978 साली आपल्या पुस्तकाला 'बलुतं' हे नाव दिले. ते नाव पदार्थाचे नाही, व्यवस्थेचे आहे. धान्य कोण पिकवतो, कोण राबतो आणि कोणाच्या पदरात किती पडते याचा तो हिशेब. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' किंवा शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' वाचणाऱ्याला भूक ही कथेची पार्श्वभूमी वाटत नाही. ती पात्रासारखी वावरते.

आता मेनूकार्डातली आजी पाहा. तिला चूल आहे, पाटा-वरवंटा आहे, तांब्याची घागर आहे. म्हणजे तिला विहीरही आहे. तिला जात मात्र नाही. ज्या गावाला 'रस्टिक' म्हटले आहे त्या गावाला गावकूस आहे की नाही, हे मजकूर सांगत नाही. माझ्या आजीला विहीर नव्हती, वाढणाऱ्याची वाट पाहणे होते. तिची भाकर आणि त्या कार्डातली भाकर एकाच बाजरीची असेल. त्या दोघी एकाच आजीच्या नाहीत. कार्डाने दोघींची मिळून एक आजी केली आहे. फ्युजन खरे तिथे झाले आहे.

सरकारनेही या कामाला हातभार लावला आहे. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्रीअन्न' असे संबोधण्यात आले. ज्वारी, बाजरी, नागली पिकायला हव्यात, खाल्ल्या जायला हव्यात, याबद्दल दुमत नाही. पण ज्या धान्याला गरिबाचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नाक मुरडले, त्याला मान द्यायचा तर 'श्री' लावूनच द्यावा लागतो, हे मला सूचक वाटते. नावे बदलून शुद्ध करून घेण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे.

मेनूकार्डात काय आहे यापेक्षा काय नाही हेही वाचले पाहिजे. समीक्षेचे ते कामच आहे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक 2015 साली आले. त्यांनी रूढ वचनातला 'पूर्ण' शब्द 'अपूर्ण' केला आणि एका अक्षरात सगळा वाद उभा केला. मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची ती नोंद आहे. त्यात तेला-तुपाची रेलचेल नाही, मसाल्यांची यादी नाही, कारण घरात ते नव्हते. सात्त्विक, राजस, तामस या वर्गवारीने अन्नाबरोबर माणसेही कशी वाटून टाकली, हेही ते पुस्तक विचारते. त्याआधी 2009 साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नस्मृती गोळा करून एक पुस्तिका काढली होती. 'हे ताट भारतीय नाही काय' असा तिच्या इंग्रजी नावाचा आशय. पाटोळ्यांचे पुस्तक 2024 साली भूषण कोरगावकर यांच्या अनुवादातून इंग्रजीत गेले. म्हणजे मेनूकार्ड लिहिणाऱ्याला माहिती मिळत नाही असे नाही.

तरीही चान्या त्या कार्डावर नाही. वाळवलेल्या मांसाच्या या पट्ट्या परदेशी हॉटेलांत वेगळ्या नावाने मानाने वाढल्या जातात. रक्ताचे सॉसेज चालते, हंसाचे काळीज चालते, नळीच्या हाडातला मगज चमच्याने काढून खाणे हा तर श्रीमंती शौक. आपल्या वस्तीतली रक्ती आणि वजडी मात्र 'ग्रँडमदर'ने कधी शिजवलेलीच नाही. शिवाय कायदाही आहे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. 2015 साली बैल आणि वळूही तिच्यात आले. म्हणजे एका ताटातले काही विस्मृतीने गेले, काही लाजेने गेले आणि काही कायद्याने. उरला तो झुणका. तो सर्वांना चालतो म्हणून तो संस्कृती ठरला.

इथे माझी स्वतःची साक्ष काढली पाहिजे. जेवता जेवता मित्राच्या पत्नीने आईला विचारले, "काकू, तुमच्याकडची खास डिश कोणती?" आई बोलण्यासाठी तोंड उघडणार, इतक्यात मी म्हणालो, "पुरणपोळी." आईने माझ्याकडे पाहिले. वर्गात मी दलित साहित्य शिकवितो. नकार, विद्रोह, अस्मिता हे शब्द माझ्या फळ्यावर रोज असतात. आणि गंगापूर रोडवरच्या एका टेबलाशी मी आईच्या तोंडचा घास काढून घ्यावा तसे तिचे उत्तर काढून घेतले. त्या क्षणी ते मेनूकार्ड मीच लिहीत होतो.

म्हणूनच हा विषय मला केवळ हॉटेलचा वाटत नाही. मराठी समीक्षेची भाषा आठवून पाहा. रस, रसिक, रुची, अभिरुची, आस्वाद. आपण ज्याला साहित्यविचार म्हणतो त्याचा अर्धा शब्दसंग्रह स्वयंपाकघरातला आणि पंगतीतला आहे. पंगत कोणाची, हे विचारायचे नाही. दलित आत्मकथने आली तेव्हा त्यांचे स्वागत करणाऱ्यांच्या तोंडीही 'रांगडी', 'झणझणीत', 'मातीचा वास असलेली' अशीच विशेषणे होती. म्हणजे भुकेची हकीकत वाचकाने चवीने खाल्ली. लिंबाळे यांनी 1996 साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहून आनंद हा साहित्याचा निकष म्हणून दलित साहित्याला लावता येणार नाही, अशी भूमिका मांडली ती याचसाठी. माणसाच्या अपमानाचा आस्वाद कसा घ्यायचा? आमचा अभ्यासक्रमही याला अपवाद नाही. चार ललित निबंध, दोन निसर्गकविता आणि चवीपुरता एक दलित उतारा, बहुधा भुकेचाच. मुले विचारतात, "सर, यावर प्रश्न येतो का?" मी म्हणतो, येतो.

पण उलट बाजूची भाबडी भक्तीही मला मान्य नाही. जे जे आपले होते ते ते सगळे वारसा म्हणून ताटात परत घ्यायचे काय? बाबासाहेबांनी 1927 साली महाडच्या परिषदेत मृत जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडण्याचे आवाहन केले. गावोगाव लोकांनी ते सोडले, आणि सोडल्याबद्दल मारही खाल्ला. ते सोडणे हा आपल्या इतिहासातला एक मोठा निर्णय आहे. आज कोणी नवशिक्षित तरुण 'आपले विस्मृत खाद्य' म्हणून त्याच्याकडे हळवेपणाने पाहू लागला तर आजीने दातओठ खाऊन घेतलेला निर्णय तो पुसतो आहे, असे मला वाटते. नोंद करणे वेगळे आणि गौरव करणे वेगळे. पाटोळ्यांच्या पुस्तकाचे मोल नोंदीत आहे. तिथे पदार्थासोबत त्याची गरज, त्याची लाज, त्याची अडचण सगळे येते.

रिक्षातून परतताना मी आईला भीतभीत विचारले, "तू काय सांगणार होतीस गं?" मला वाटले होते चान्या म्हणेल, माडगे म्हणेल. ती म्हणाली, "पनीर. सूनबाई लई चांगलं करती." माझा सगळा अपराध आणि सगळा सिद्धांत त्या पनीरपुढे थोडा हास्यास्पद झाला. पण उत्तर तिचे होते आणि ते तिने द्यायला हवे होते.

एका टेबलाशी बसणे ही गोष्ट मात्र मी लहान मानीत नाही. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर, सत्याग्रही देवळात शिरणार अशी आवई उठली आणि मंडपात जेवत असलेल्या माणसांवर हल्ला झाला. त्यांचे अन्न मातीत कालवले गेले. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेशाला जातीवरून मज्जाव करता येणार नाही असे लिहिले आहे. संविधान सभेत नोव्हेंबर 1948 मध्ये या कलमावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावा, जिथे सेवा विकली जाते ती प्रत्येक जागा त्यात येते, असा खुलासा केला होता. ज्या मातीत अन्न कालवले गेले त्या मातीतून हे कलम आले आहे. आईला त्या खुर्चीवर बसलेली पाहताना मला ते आठवत होते. वडील सांगत असत, गावच्या हॉटेलात त्यांची कपबशी वेगळी होती. एकाच किटलीतला चहा सगळ्यांसारख्याच ग्लासात त्यांनी पहिल्यांदा प्यायला तो कामावरच्या कॅन्टीनमध्ये. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कॅन्टीन सक्तीचे करता येत असे, ही तरतूद 1948 च्या कारखाने कायद्यात होती. वडिलांना कलम ठाऊक नव्हते, ग्लास ठाऊक होता.

तरीही सहभोजनाची मर्यादा बाबासाहेबांनी 1936 सालीच 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात सांगून ठेवली आहे. एकत्र जेवल्याने जातीची भावना मरत नाही. त्याला रोटीच्या पुढे, बेटीपर्यंत जावे लागते. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचा प्रसाद ठेवून सत्यनारायण केले, सगळ्या जातींना एकत्र बसविले. त्यांचा हेतू चांगला होता. पण लोक प्रसाद घेऊन आपापल्या जातीत परत गेले. झुणका-भाकरीवर एवढा भार टाकण्याची आपली खोड जुनीच म्हणायची.

आणि ताटात मिसळ होते तेव्हा मोरीत आणि भटारखान्यात होते काय? मुंबईच्या गिरणगावात हजारो बायकांनी खाणावळी चालविल्या. गिरणीकामगार बहुधा आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या बाईकडे जेवत. त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात दलितांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्याची भीती होती. त्या खाणावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात 2015 साली 'बॉम्बे कॅन्टीन' नावाचे नव्या धर्तीच्या भारतीय जेवणाचे उपाहारगृह निघाले, आणि ते नावाजलेही गेले. नावात कॅन्टीन आहे. कामगार आवारात उरलेला नाही. मी कोणावर आरोप करीत नाही. शब्द कसे मागे राहतात आणि माणसे कशी जातात, एवढे दाखवितो.

निघण्यापूर्वीची एक गोष्ट सांगायची राहिली. हात धुवायला म्हणून गेलेली आई बराच वेळ आली नाही. मी पाहायला गेलो तर ती मागच्या दाराशी एका बाईशी बोलत उभी होती. बाई आमच्याच बाजूची निघाली. नाशिकरोडपर्यंत शेअर रिक्षाने आणि पुढे बसने येते. त्या तळहाताएवढ्या भाकरी तीच थापते आणि गर्दी असली की भांडीही घासते. मेनूकार्डावर शेफचे नाव आणि फोटो आहे. आईने तिला विचारले, "मंग तू इथं काय जेवतीस?" बाई म्हणाली, "डबा आनते ना मावशी. पोळी-भाजी." रेशनला गहू मिळतो, बाजरी विकत घ्यावी लागते, असे ती पुढे म्हणाली.

टेबलाशी परत येताना आईने मला हळूच सांगितले, "हात चांगला हाय तिचा. पन पीठ शिळं देत्यात तिला, कडा चिरत्यात. ऊन पान्यात मळ म्हनलं मी तिला."